ऑइल प्रेशरचा काटा पडला, तर इंजिन उघडण्याआधी हे वाचा

जुन्या ट्रकच्या मालकांसाठी आणि ड्रायव्हर मंडळींसाठी आमच्या वर्कशॉपचे माहितीपत्रक

गळीत हंगाम तोंडावर आला की पावसाळाभर उभे असलेले ट्रक आमच्याकडे येऊ लागतात. टाटा 1210, 1612, लेलँड कॉमेट अशा जुन्या गाड्यांमध्ये एक तक्रार हमखास असते: ऑइल प्रेशर नीट दाखवत नाही. कुणाचा काटा शून्यावरून उठत नाही, कुणाचा चावी फिरवल्याबरोबर थेट शेवटाला जाऊन बसतो, तर कुणाचा खड्ड्यागणिक नाचतो.

त्यावर रस्त्यात दोन सल्ले मिळतात. एक, "मीटर गेलंय, चालव बिनधास्त." दुसरा, "बेअरिंग गेली, इंजिन उतरव." पहिला चुकला तर क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, जातो. दुसरा चुकला तर धडधाकट इंजिन उगाच उघडले जाते आणि ऐन हंगामात गाडी उभी राहते. दोन्ही सल्ले प्रेशर न मोजताच दिलेले असतात. आमचा आग्रह एवढाच, की आधी खरे प्रेशर मोजा, खर्चाचे नंतर ठरवा.

काटा चालत्या गाडीत पडला तर

गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. मीटरच खराब आहे अशी खात्री वाटत असली तरी बंद करा. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो, तो प्रेशरवर टिकतो. भरलेल्या गाडीत तो तुटला तर बेअरिंग खराब व्हायला काही मिनिटे पुरतात.

सपाट जागेवर पाच-दहा मिनिटे थांबून डिपस्टिक काढा. ऑइल कमी असेल तर भरा आणि गळती कुठे आहे ते बघा. पातळी आपोआप वाढलेली असेल तर ऑइल बोटावर घेऊन वास घ्या. डिझेलचा वास आला आणि ऑइल पाण्यासारखे सरकले, तर फीड पंपातून किंवा इंजेक्टरकडून डिझेल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरते आहे. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी मिसळले आहे. या दोन्ही वेळी, किंवा इंजिनातून ठकठक आवाज येत असेल तर, सेल्फ मारू नका. गाडी ओढून आणा.

मीटर कोणत्या प्रकारचे आहे?

डॅशबोर्डच्या मागे हात घालून बघा. मीटरला बारीक तांब्याची किंवा नायलॉनची नळी आली असेल तर ते मेकॅनिकल मीटर. इंजिनातले ऑइल थेट तिथपर्यंत येते. काटा सावकाश चढत असेल तर बहुतेक वेळा नळीत गाळ साचलेला असतो. नळी सोडवून साफ करा. इंजिनाजवळ नळीला दिलेले वेटोळे मात्र सरळ करू नका, ते थरथर झेलण्यासाठीच असते. ते नसेल तर नळी जोडाजवळ चिरते आणि गरम ऑइल केबिनमध्ये उडते.

मीटरला फक्त वायरी असतील तर इंजिनाच्या ब्लॉकवर सेंडर, म्हणजे ऑइलचे प्रेशर ओळखून वायरीने मीटरला कळवणारा भाग, बसवलेला असतो. उभ्या राहिलेल्या गाडीत खरी गडबड इथेच जास्त सापडते: उंदरांनी कुरतडलेली वायर, हिरवे पडलेले टर्मिनल, सैल झालेली अर्थिंग.

सेंडर आणि वायरची तपासणी

इंजिन बंद ठेवून चावी चालू करा. सेंडरवरची वायर काढा. काटा एका टोकाला जायला हवा. तीच वायर इंजिनाच्या स्वच्छ धातूला क्षणभर टेकवा. काटा दुसऱ्या टोकाला जायला हवा. कोणते टोक आधी, हे मीटरच्या बनावटीवर ठरते, त्यात अडकू नका. काटा दोन्हीकडे फिरला तर मीटर आणि वायर ठीक आहेत. मग दोष सेंडरमध्ये आहे, नाहीतर प्रेशर खरोखर कमी आहे. काटा हललाच नाही तर मीटर, वायर किंवा मीटरला येणारा करंट तपासावा लागेल. वायर जास्त वेळ टेकवून ठेवू नका, काही जुनी मीटरं त्याने जळतात.

काही सेंडरवर दोन टर्मिनल असतात. 'जी' खुणेचे मीटरचे आणि 'डब्ल्यूके' खुणेचे धोक्याच्या दिव्याचे. सर्व्हिसिंगनंतर वायरी उलट बसल्या तर चांगले मीटरही काहीच्या बाही दाखवते. तो दिवा चावी चालू केल्यावर लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर "दिवा बंद आहे म्हणजे प्रेशर आहे" असे समजू नका.

सेंडरची अर्थिंग त्याच्या आट्यांमधूनच होते. गळती थांबवायला आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढ्यावर वेढे दिले की अर्थिंग तुटते. नवा सेंडर घालूनही काटा चुकतो आणि दोष दुकानदाराला दिला जातो. सेंडर आणि मीटर जोडीचेच हवेत. 12 व्होल्टच्या गाडीत 24 व्होल्टचे मीटर चालत नाही.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून इंजिन आणि चासीमध्ये तांब्याची विणलेली पट्टी असते. रात्री हेडलाइट लावल्यावर प्रेशरचा काटा जागचा सरकत असेल तर आधी ही पट्टी बघा. टोके घासून, बोल्ट कसून अनेक गाड्यांचे काम तिथेच संपते. प्रेशरबरोबर डिझेलचा आणि टेंपरेचरचा काटाही चुकत असेल, तर सेंडर बदलण्यात अर्थ नाही. डॅशबोर्डची अर्थिंग किंवा मीटरांना सारखे व्होल्टेज देणारा स्टॅबिलायझर तपासा.

मास्टर गेज लावणे

वरचे सगळे ठीक निघाले तरी संशय राहिला, तर सेंडर काढून त्याच भोकात मेकॅनिकल मास्टर गेज, म्हणजे तपासणीचे खात्रीचे मीटर, लावतो. इंजिन गरम होऊ देतो, मग आयडलिंगला आणि रेस वाढवत प्रेशर बघतो. गरम इंजिनाला दर 1000 फेऱ्यांमागे चौरस इंचाला निदान 10 पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे 0.7 किलो, हा ढोबळ ठोकताळा आहे. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा शेवटचा. ही तपासणी ड्रायव्हरच्या समोरच करतो, काटा त्याने स्वतः बघावा.

थंड इंजिनाला प्रेशर भरपूर आणि गरम झाल्यावर आयडलिंगला पडते, असे दिसले तर ऑइलचा ग्रेड, डिझेलची भेसळ आणि बेअरिंगची झीज या क्रमाने बघावे. सगळीकडेच कमी असेल तर चेंबरमधली जाळी, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारा) आणि ऑइल पंप. रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे वॉशर घालून काटा वर आणण्याचा उपाय आम्ही करत नाही आणि तुम्हीही कुणाला करू देऊ नका. आकडा वाढलेला दिसतो, आणि झिजलेली बेअरिंग तशीच घाट चढत राहते.

गाडी आणताना ड्रायव्हरला सोबत पाठवा. काटा थंड इंजिनावर पडतो की गरम, चढावर की थांबल्यावर, हे त्यालाच ठाऊक असते. शेवटचे ऑइल केव्हा आणि कोणत्या ग्रेडचे घातले तेही सांगा. जुना सेंडर फेकला असेल तर नवा परस्पर आणू नका. आटे वेगवेगळ्या मापांचे असतात आणि चुकीचे आटे जबरदस्तीने आवळले की ब्लॉकचे भोक बिघडते.