मेमरी ओव्हरक्लॉकिंग

डेस्कटॉप संगणकातली रॅम प्रमाण वेगापेक्षा जास्त वेगाने किंवा कमी विलंबाने चालवणे. प्रमाण वेग ‘जेडेक’ ही संस्था ठरवते. गंमत अशी की, खोक्यावर ‘डीडीआर५-६०००’ (डीडीआर५ ही रॅमची पिढी, ६००० हा वेग) छापलेली रॅम नुसती बसवून संगणक सुरू केला, तर ती बहुधा ४८०० किंवा ५६०० वरच चालते. छापलेला आकडा हा मुळातच ओव्हरक्लॉकचा असतो आणि तो बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावा लागतो. पैसे मोजलेला वेग कधी वापरलाच नाही, असे बरेच संगणक सापडतात.

प्रत्येक स्टिकवरच्या एका बारीक चिपमध्ये वेग, विलंब आणि व्होल्टेज यांचे तयार संच नोंदवलेले असतात. इंटेलने २००७ मध्ये डीडीआर३ च्या काळात अशा संचांना एक्सएमपी हे नाव दिले. एएमडीचा तसाच संच, एक्स्पो, २०२२ मध्ये रायझन ७००० या प्रोसेसर-मालिकेबरोबर आला. बहुतेकांचे ओव्हरक्लॉकिंग हा संच निवडण्यापाशीच संपते. छंदिष्टांचे तिथून सुरू होते.

६००० म्हणजे ६००० मेगाहर्ट्झ नव्हे. घड्याळाच्या चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर माहिती जाते, म्हणून ३००० मेगाहर्ट्झवर सेकंदाला ६००० दशलक्ष हस्तांतरणे होतात. एका खेपेला ८ बाइट धरले, तर सेकंदाला ४८ गीगाबाइट. पण रुंद रस्ता म्हणजे लवकर पोहोचणे नव्हे. मेमरीने मागणीला पहिले उत्तर द्यायला किती घड्याळ-ठोके घेतले, हे ‘सीएल’ सांगतो. डीडीआर४-३२०० सीएल१६ चा हिशोब केला तर १० नॅनोसेकंद येतात. डीडीआर५-६००० सीएल३० चेही १० च. त्याच ६००० वर सीएल४० असेल, तर १३ च्या वर. त्यामुळे नुसता मोठा आकडा पाहून रॅम घेणारा फसतो.

सीएलच्या पाठोपाठ डझनावारी दुय्यम टायमिंग, म्हणजे मेमरीच्या इतर कामांच्या वेळा, येतात. त्यांतले सर्वांत रंजक टीरेफी. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे सूक्ष्म विद्युतभार. तो सतत गळतो, म्हणून ठरावीक वेळाने पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ मध्ये ही भरणी साधारणपणे दर ७.८ मायक्रोसेकंदांनी होते आणि ती चालू असताना त्या भागाचे वाचन-लेखन थांबते. दोन भरण्यांमधले हे अंतर म्हणजेच टीरेफी; ते वाढवले की कामाला जास्त वेळ मिळतो. मात्र चिप तापली की गळतीही वाढते. डिसेंबरात रात्रभर चाचणी पास झालेली सेटिंग नागपूरच्या मे महिन्यात ढासळू शकते, ती याच कारणाने. डीडीआर४ च्या काळात नावाजलेली सॅमसंगची ‘बी-डाय’ चिप वाढीव व्होल्टेजवर फार घट्ट टायमिंग पेलत असे, पण तिलाही उष्णता सोसत नसे. डीडीआर४ चे प्रमाण व्होल्टेज १.२; एक्सएमपीत ते बहुधा १.३५ होते.

मर्यादा बऱ्याचदा रॅमची नसते, प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरची, म्हणजे रॅमशी बोलणाऱ्या भागाची असते. रायझन ३००० मध्ये मेमरीचे घड्याळ आणि प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारे ‘इन्फिनिटी फॅब्रिक’ डीडीआर४-३६०० च्या आसपासपर्यंत एकास एक चालत. त्यापुढे गेले की प्रमाण तुटे आणि आकडा वाढूनही विलंब वाढे. इंटेलच्या ‘गिअर १’ (कंट्रोलर मेमरीच्याच वेगाने) आणि ‘गिअर २’ (निम्म्या वेगाने) मागे हेच गणित आहे. चार स्टिक लावल्या की कंट्रोलरवरचा ताण वाढतो, म्हणून वेग हवा असेल तर दोनच बऱ्या. चार खाचा असतील तर बहुतेक मदरबोर्डवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत.

फायदा किती, हे कामावर ठरते. खेळात प्रोसेसर कमी पडत असेल तिथे फरक जाणवतो. ४के वर सगळा भार ग्राफिक्स कार्डावर असताना तो जवळजवळ दिसत नाही. मोठ्या कॅशचे (प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीचे) एएमडीचे एक्स३डी प्रोसेसर तर वेगवान रॅमवर तुलनेने कमीच अवलंबून असतात.

या छंदातला खरा धोका संगणक कोसळल्यावर दिसणाऱ्या निळ्या पडद्याचा नाही. तो निदान दिसतो तरी. अस्थिर मेमरी एखादा बिट गुपचूप उलटवते आणि चुकीची माहिती डिस्कवर जाऊन बसते. डीडीआर५ चिपच्या पोटातली त्रुटी-दुरुस्ती वाटेत बिघडलेली माहिती सुधारत नाही. म्हणून मेमटेस्ट८६ किंवा टेस्टमेम५ हे मेमरी तपासणारे प्रोग्रॅम तासन्‌तास चालवतात. एक जरी चूक निघाली तरी सेटिंग बाद. व्होल्टेजचेही भान लागते. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने बायोसमधून एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागांच्या व्होल्टेजला) १.३ ची मर्यादा घातली. एक्सएमपी आणि एक्स्पो हेही ओव्हरक्लॉकिंगच असल्याने त्यातून झालेले नुकसान प्रोसेसरच्या वॉरंटीबाहेर जाऊ शकते.

सेटिंग बदलल्यावर संगणक सुरू होताना मदरबोर्ड मेमरीशी नव्याने वेळ जुळवून घेतो. याला ‘ट्रेनिंग’ म्हणतात. डीडीआर५ वर त्यात काही मिनिटे जाऊ शकतात आणि तोवर पडदा काळाच राहतो. नवखा माणूस घाबरून मध्येच बटण दाबतो आणि तेच सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बराच वेळ थांबूनही काही उमटले नाही, तर सीमॉस, म्हणजे बायोसची सेटिंग जपणारी मेमरी, पुसून मूळ सेटिंगवर परतता येते.