व्हिक्टोरियाच्या लग्नातली लेस

राणी व्हिक्टोरियाने १० फेब्रुवारी १८४० रोजी प्रिन्स अल्बर्टशी लग्न केले आणि पांढऱ्या वधूवेषाची चाल पडली, एवढे बहुतेकांना माहीत असते. पण पांढरा रंग नवा नव्हता. स्कॉटलंडच्या मेरीने १५५८ मध्येच पॅरिसला पांढऱ्या पोशाखात लग्न केले होते. व्हिक्टोरियाच्या पोशाखात खरा मान होता लेसचा. ती उठून दिसावी म्हणून लंडनमधल्या स्पिटलफील्ड्सचे सॅटिन साधे ठेवले होते.

ही लेस इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातली, हॉनिटन नावाने ओळखली जाणारी. पूर्वी तिची फुले आणि मधली जाळी दोन्ही हातानेच होत. जॉन हीथकोटच्या यंत्राने जाळी स्वस्त केली. १८१६ मध्ये लफबरो इथला त्याचा कारखाना लडाइटांनी, म्हणजे यंत्रांविरुद्ध उठलेल्या कामगारांनी, फोडला, तेव्हा तो आला तो थेट डेव्हनमधल्या टिव्हर्टनला! हाताच्या जाळीवर पोट असलेल्या बायकांचे काम गेले. राणीची मागणी आली ती या पडत्या काळात. डेव्हनमधल्या बीअर गावातल्या आणि आसपासच्या २०० हून अधिक बायका कित्येक महिने त्यावर बसल्या. कडक उशीवर टोचलेला नमुना, त्यात टाचण्या, भोवती सुताच्या बॉबिन, म्हणजे सूत गुंडाळलेल्या काड्या. अशी एकेक फूल-पान सुटी करायची आणि मग जाळीवर बारीक टाक्यांनी बसवायची. जाळी मात्र यंत्राचीच. झालर चार वार लांब, पाऊण वार रुंद. डोक्यावरची ओढणी दीड वार चौरस.

फसले ते पोशाखामागे जमिनीवर लोळणारे सॅटिन. ते सुमारे सहा वार होते, पण धरायला करवल्या बारा, त्यामुळे त्या एकमेकींच्या पायात येत होत्या.

त्या काळी महागडी लेस पोशाखावर कायमची शिवत नसत. हलक्या टाक्यांनी लावून पुन्हा उसवत. म्हणूनच सॅटिनचा उपयोग एका दिवसाचा ठरला आणि लेस मात्र राणीबरोबर म्हातारी झाली. १८६१ मध्ये अल्बर्ट गेला आणि राणीने जन्मभर काळे नेसले. समारंभाला त्या काळ्यावर ही पांढरी लेस चढे. धाकटी मुलगी बिअ‍ॅट्रिस हिने १८८५ मध्ये आपल्या लग्नात तीच वापरली. १८९७ च्या हीरक महोत्सवाच्या अधिकृत छायाचित्रातही लग्नाचीच लेस आहे. जानेवारी १९०१ मध्ये राणी वारली, तेव्हा शवपेटीत तिच्या चेहऱ्यावर ती ओढणी घातली होती.