वावरात जड, लाल दगड सापडला? आमच्याकडे आणण्याआधी हे वाचा

नांगराला जड दगड लागला की लोक तो थैलीत घालून आमच्याकडे तपासायला आणतात आणि विचारतात, "यात लोखंड किती टक्के?" टक्के आम्ही काढून देतो. पण ते त्या दगडाचे असतात, वावराचे नाहीत. दगड ज्या थरातून सुटला तो थर किती जाड, किती लांब आणि किती खोल गेलाय, यावर पुढचं सगळं ठरतं.

आपल्याकडचा लोहखडक

चंद्रपूर जिल्ह्यातलं लोहारा किंवा गडचिरोलीतलं सुरजागड इथलं खनिज पट्टेदार खडकातलं आहे. हेमॅटाइट या लाल लोहखनिजाचा एक पट्टा, त्याला लागून गारेचा (क्वार्ट्झचा), पुन्हा हेमॅटाइट. जगातले असे बहुतेक खडक १८० कोटी वर्षांहून जुने आहेत. त्या काळच्या समुद्रात प्राणवायू जवळपास नव्हता, म्हणून लोह पाण्यात विरघळून राहायचं. सूक्ष्मजीवांनी प्राणवायू सोडायला सुरुवात केली तसं ते गंजून तळाशी बसत गेलं. पुढे थर उघडे पडले, झिरपणाऱ्या पाण्याने जिथली गार धुऊन नेली तिथे लोहाचं प्रमाण वाढलं. त्यामुळे भारी माल बरेचदा वरच्या भागातच असतो आणि खाली गारेने भरलेला मूळ खडक लागतो. माथा पाहून हुरळून जाऊ नका, असं आम्ही सांगतो ते यासाठी.

अमरावती, अकोला, बुलडाण्याकडच्या ग्राहकांनी लक्षात घ्यावं, की तिकडे बहुतेक भागात लाव्हाचा काळा पाषाण आहे. विहीर खोदताना त्याच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा लागतो, तो लोहखडक नाही. त्याच्यासाठी गाडीभाडं खर्चू नका.

घरच्या घरी

टाइलच्या मागच्या खरबरीत बाजूवर दगड घासा. हेमॅटाइटचा कस विटकरी-लाल उमटतो, मॅग्नेटाइट या चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचा काळा, गेरूच्या पिवळ्या भावाचा म्हणजे लिमोनाइटचा पिवळट-तपकिरी. भंडारा-नागपूरकडचा काळा दगड बोटं काळी करत असेल तर तो बहुधा मँगनीजचा.

चुंबक चिकटलं नाही म्हणून दगड फेकू नका, हेमॅटाइटला ते नीट चिकटतच नाही. उलट काळ्या पाषाणात मॅग्नेटाइटचे कण असतात, त्यामुळे जुन्या स्पीकरचं चुंबक साध्या मातीत फिरवलं तरी काळा भुगा धरतो.

वजनकाट्याला दोरीने दगड टांगून तोला. मग तो बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका आणि पुन्हा तोला. एक किलो गार पाण्यात सुमारे ३८० ग्रॅमने हलकी भरते, शुद्ध हेमॅटाइट सुमारे १९० ग्रॅमने. तुमचा दगड या दोहोंत कुठे बसतो ते पाहा.

नाल्याकाठी मिळणारे काळे, काचेसारखे, बुडबुड्यांच्या भोकांचे तुकडे म्हणजे जुन्या भट्ट्यांचा मळ. नागपूर जिल्ह्यात नायकुंडच्या उत्खननात महापाषाणकाळातली लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, इतकं हे काम आपल्याकडे जुनं. आम्हाला हे तुकडे बघायला फार आवडतात. पण ते खनिज नाही, आणि ढीगच्या ढीग सापडला तर पुरातत्त्व विभागाला कळवा.

नमुना घेताना

खरा घोळ इथे होतो. धुऱ्यावर पडलेला दगड कुठून आला ते कोणालाच माहीत नसतं. जमिनीत घट्ट बसलेला खडक शोधा. छन्नीने पट्ट्यांना आडवी, एकसारख्या खोलीची खाच पाडा आणि निघालेला सगळा चुरा आणा, गारेसकट. चकाकणारे लाल तुकडे वेचून आणलेत तर अहवालात साठच्या वरचा आकडा येईल आणि तो निरुपयोगी असेल. हिशेब सोपा आहे: शुद्ध हेमॅटाइटमध्ये लोह ७० टक्के असतं आणि तो गारेच्या दुप्पट जड असतो. खडकात जाडीने अर्धा हेमॅटाइट आणि अर्धी गार असेल तर लोह सुमारे ४७ टक्के भरतं. हेमॅटाइट एक तृतीयांशच असेल तर ३५.

मालकी आणि शोध

सातबारा तुमचा असला तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे खनिजावर सर्वसाधारणपणे राज्य सरकारचा हक्क असतो. लोहखनिजासाठी बोअर मारायलाही १९५७ च्या खाण कायद्याखाली परवाना लागतो, आणि २०१५ पासून लोहखनिजाचे खाणपट्टे लिलावाने दिले जातात. परवानाधारक तुमच्या जमिनीवर आला तर नुकसानभरपाईची तरतूद त्याच कायद्यात आहे. सरकारी शोधाचे टप्पे जी-४ पासून जी-१ पर्यंत चढत जातात: आधी नकाशा आणि वरवरची पाहणी, मग चर आणि विरळ बोअर, शेवटी जवळजवळचे बोअर. "तुमच्या नावाने खाण काढून देतो" म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

खनिज चांगलं असूनही काम अडतं, याचा दाखला चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. १८८२ मध्ये लोहाऱ्याच्या खनिजावरचा जर्मन भूशास्त्रज्ञ फॉन श्वार्ट्झ यांचा अहवाल जमशेटजी टाटांच्या हाती पडला. खनिज उत्तम होतं, पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालला नाही. कारखाना पुढे साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला झाला.

आमचं काम

दगड नुसता ओळखून द्यायचे पैसे आम्ही घेत नाही. टक्केवारी हवी असेल तर खाचेतला दोन-तीन किलो चुरा कोऱ्या पिशवीत आणा. खताची गोणी नको, तिच्यातले कण नमुन्यात मिसळतात. गाव, गट क्रमांक आणि पट्टे कोणत्या दिशेला कललेत हे चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी वेगळ्या प्लास्टिकमध्ये ठेवा; ओल्या चुऱ्यात ती वाचता येत नाही. नमुन्याचे पैसे तपासणीआधी सांगू, अहवालासोबत उरलेला चुरा परत मिळेल.