बेशुद्ध पेशंटच्या मनातलं कोण सांगणार?

"व्हेंटिलेटर लावायचा का?" आयसीयूबाहेर डॉक्टर हे विचारतात तेव्हा पेशंट शुद्धीत नसतो. उत्तर बायकोने, मुलाने किंवा भावाने द्यायचं असतं. तेही स्वतःचं मत नव्हे. पेशंट बोलू शकला असता तर काय म्हणाला असता, ते.

जवळच्यांना हे कितपत जमतं? डेव्हिड शालोविट्झ आणि सहकाऱ्यांनी 2006 साली अशा 16 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. तेच काल्पनिक प्रसंग पेशंटला आणि नातेवाइकाला वेगवेगळे विचारले, तर उत्तरं 68 टक्के वेळाच जुळली. पेशंटने स्वतः निवडलेला माणूस असो, की आधी या विषयावर बोलणं झालेलं असो, आकडा काही सुधारला नाही. मला हे जास्त खटकतं. "आमचं बोलणं झालं होतं" या वाक्यावर आपली केवढी भिस्त असते! पण माणूस नकळत स्वतःचीच इच्छा दुसऱ्याच्या तोंडी घालतो.

म्हणून ॲनेट रिड आणि डेव्हिड वेंडलर यांनी 2014 मध्ये वेगळी वाट सुचवली. पुष्कळ लोकांची मतं गोळा करायची आणि वय, लिंग अशा माहितीवरून त्या पेशंटला काय हवं असेल याचा अंदाज संगणकाने बांधायचा. आक्षेप उघड होता: सत्तरीचे सगळे पुरुष एकसारखा विचार करतात थोडेच? मग 2024 मध्ये ब्रायन अर्प आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रस्ताव मांडला. त्या एका माणसाचे ईमेल, मेसेज, पूर्वी उपचारांबाबत घेतलेले निर्णय यांवर भाषिक मॉडेलला, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या मजकुरातून शिकणाऱ्या संगणक प्रणालीला, तयार करायचं.

आता मेसेजमध्ये आपण लिहितो तरी काय? वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि विनोद. मरणाबद्दल क्वचितच. काही माणसं तर काहीच लिहीत नाहीत. शिवाय धडधाकट असताना "असं जगण्यापेक्षा मेलेलं बरं" म्हणणारे पुढे आजाराशी जुळवून घेतात, मत बदलतात. मॉडेलकडे मात्र जुनंच मत. आणि पडताळा कसा घेणार? जो शुद्धीवर येतच नाही, तो "बरोबर ओळखलंस" म्हणायला नसतो.

तरीही मी या यंत्राला दाराबाहेर ठेवणार नाही. नातेवाइकाचाही अंदाजच असतो. फक्त यंत्राला पंच न करता साक्षीदार करावं, आणि त्याची साक्ष माणूस ठणठणीत असतानाच त्याच्यासमोर वाचावी. "छे, मला असं अजिबात वाटत नाही," असं तो तेव्हाच म्हणू शकतो.