वूश्येनलिऊ (अनंत-प्रवाह कथा)

वूश्येनलिऊ : चिनी जालसाहित्यातील एक कथाप्रकार. ‘वूश्येन’ म्हणजे अनंत आणि ‘लिऊ’ म्हणजे प्रवाह. गायकीचे ‘घराणे’ आपण ज्या अर्थाने म्हणतो, तोही अर्थ त्यात आहे. रोजच्या आयुष्यातली साधी माणसे अचानक उचलली जातात, एका परक्या आणि बंदिस्त जगात टाकली जातात, आणि तिथले कोडे सुटल्याशिवाय त्यांची सुटका होत नाही. एक जग पार केले की दुसरे तयार असते. आत चुकले तर मरण, आणि ते मरण बाहेरच्या खऱ्या आयुष्यातही लागू होते. माणसांना आत ओढणारी शक्ती कधी देवासारखी असते, कधी एखादी निनावी यंत्रणा, तर कधी आभासी वास्तवातला खेळ. यांतला शेवटचा प्रकार 2024 मध्ये आलेल्या ‘झमिंग यौशी’, म्हणजे ‘जीवघेणा खेळ’, या मालिकेने चीनबाहेरच्या प्रेक्षकांपर्यंत नेला. बाहेर ती ‘द स्पायरेल्म’ या नावाने ओळखली जाते.

या कथांतल्या एकेका टप्प्याला ‘फूबन’ म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘प्रत’. ऑनलाइन खेळांत एकाच गुहेत एकाच वेळी शेकडो टोळ्या उतरतात, पण प्रत्येक टोळीला गुहेची स्वतंत्र प्रत मिळते. आतला राक्षस तोच, सापळे तेच, फक्त दुसरी टोळी दिसत नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ 2005 मध्ये चीनमध्ये सुरू झाला आणि ज्या पिढीने शाळा-कॉलेजात अशा खेळांत रात्री जागवल्या, तीच पुढे या कथा लिहू आणि वाचू लागली. त्यामुळे लेखकाने ‘फूबन’ म्हटले की वाचकाला पुढचे सगळे सांगावे लागत नाही. आत शिरायचे, नियम ओळखायचे, सोबत्यांपैकी कोण भरवशाचे ते ताडायचे आणि बाहेर पडायचे.

नियम हा या प्रकाराचा कणा आहे. इथले भूत वाटेल त्याला धरत नाही. त्याला एक अट असते आणि ती मोडणाराच बळी पडतो. ‘झमिंग यौशी’ ज्या कादंबरीवर आधारलेली आहे, तिच्यात प्रत्येक टप्पा एका दाराआड असतो. पहिलेच दार बर्फाने वेढलेल्या एका गावात उघडते. जमलेल्या अनोळखी माणसांना काम मिळते ते शवपेटी तयार करवून घेण्याचे. गावचा सुतार सांगतो : डोंगरावरून लाकूड आणा, देवळात जाऊन या, विहीर बुजवा. तिन्ही कामे कोणत्याही खेड्यात कुणीही सांगावीत इतकी साधी आहेत. लाकूड कुणी कसे उचलले, देवळात कोण कुणाबरोबर गेले, असल्या बारीक गोष्टींवर तिथे जीव टांगलेला असतो. वाचक दोनदा मागे जाऊन तेच वाक्य वाचतो, कारण सुतार काय म्हणाला यापेक्षा त्याने काय सांगायचे टाळले ते महत्त्वाचे असते. भीतीच्या कथेत वाचकाला इतके लक्ष द्यायला लावणे ही या प्रकाराची खरी कमाई आहे.

मराठी वाचकाला हे पूर्ण अनोळखी वाटू नये. वेताळ पंचविशीत विक्रमाने उत्तर माहीत असून मौन पाळले तर डोक्याची शंभर शकले होणार, आणि तोंड उघडले तर वेताळ पुन्हा झाडावर. मरणाची अट, कोडे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात हे तिन्ही घटक तिथे एकत्र आहेत. कोकणात रानात वाट चुकून माणूस फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो, त्याला ‘चकवा’ लागला म्हणतात. चिनी लोक याच अनुभवाला ‘ग्वी दा छ्यांग’ म्हणतात, म्हणजे भुताने उभी केलेली भिंत. वूश्येनलिऊमधली कितीतरी फूबने या एका भिंतीभोवती रचलेली आहेत.

प्रकाराला नाव मिळाले ते एका कादंबरीवरून. ‘वूश्येन खोंगबू’, म्हणजे ‘अनंत भय’, ही कादंबरी 2007 पासून ‘छीदियेन’ या संकेतस्थळावर क्रमशः येऊ लागली. नोकरीला आणि जगण्यालाच कंटाळलेल्या नायकाच्या संगणकावर एक चौकट उघडते. आयुष्याचा अर्थ जाणून घ्यायचा आहे का, खरेखुरे जगायचे आहे का, असे ती विचारते. तो होकार देतो आणि एका भयपटाच्या आत जागा होतो. एक चित्रपट जिवंतपणी पार केला की गुण मिळतात, गुणांवर शक्ती विकत घेता येतात, मग पुढचा चित्रपट. हे सगळे चालवणाऱ्या शक्तीला तिथे ‘मुख्य देव’ म्हटले आहे. पुढे हा शब्द इतका रूढ झाला की दुसऱ्या लेखकांनीही तो समजावून न सांगता वापरला.

हा साचा इतका का फोफावला, याचे एक कारण पैशात आहे. चिनी जालकादंबऱ्यांत सुरुवातीची प्रकरणे फुकट असतात आणि पुढची अक्षरसंख्येच्या हिशोबाने विकली जातात. लेखक रोज लिहितो, वाचक रोज थोडे थोडे पैसे मोजतो. अशा व्यवहारात लेखकाला कथा लांबवावी तर लागते, पण ती रेंगाळलेली चालत नाही. फूबनांची माळ ही अडचण सोडवते : नायक तेच राहतात, पण दर काही आठवड्यांनी गाव, काळ, भूत आणि कोडे बदलते. तरीही केवळ बाजारामुळे हा प्रकार टिकला असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच बाजारात दुसरे अनेक साचे आले आणि विरून गेले.

पुढे ‘जिनज्यांग’ या संकेतस्थळावर त्याला वेगळे वळण लागले. 2003 मध्ये सुरू झालेल्या या स्थळावर लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया आहेत. त्यांच्या हाती गुण आणि शक्तींची बेरीज मागे पडली. पुढे आली ती माणसांमधली नाती, लोककथा आणि मरणाची जवळून ओळख. शी झिशू या लेखिकेची ‘सवांग वानह्वाथोंग’, म्हणजे ‘मृत्यूचा शोभादर्शक’, ही या वळणाची ठळक कादंबरी. ‘झमिंग यौशी’ हिच्यावरच आधारलेली आहे. तिची सुरुवात एका मांजरापासून होते. रोज मांडीवर येणारे मांजर अचानक नायकाला हात लावू देत नाही. त्याला कारण कळत नाही. मग एके दिवशी तो घराचे दार उघडतो तर समोर लांबलचक बोळ आणि लोखंडाची बारा दारे. ही दारे मरणाच्या उंबरठ्यावर आलेल्यांनाच दिसतात. प्रत्येक दाराआड एक जग असते. तिथली किल्ली आणि बाहेरचे दार सापडले तर आयुष्याची मुदत वाढते आणि पुढच्या दाराचा इशारा देणारी चिठ्ठी हाती येते. एका दाराचे कोडे ग्रिम बंधूंच्या संग्रहातील 46व्या कथेवर, ‘फिचरचा पक्षी’ हिच्यावर, उभे आहे. दुसऱ्या एका दारामागे पावसात भेटणारी जपानी लोककथेतली बाई आहे. लेखिकेने दूरदूरच्या भीती एका बोळात आणून ठेवल्या आहेत.

या कल्पनेची मुळे शोधायला आधुनिक खेळांपाशी थांबण्याचे कारण नाही. तांग काळात, इसवी सनाच्या आठव्या शतकात, शन जीजी याने ‘उशीच्या आतली गोष्ट’ लिहिली. हानदानच्या वाटेवरील खानावळीत लू नावाचा एक असंतुष्ट तरुण एका ताओपंथी म्हाताऱ्याला भेटतो. खानावळवाला चुलीवर बाजरीसारखे भरड धान्य शिजवायला ठेवतो. म्हातारा लूला डोके टेकायला चिनी मातीची उशी देतो. उशीच्या दोन्ही टोकांना भोके असतात. लू पाहतो तो एक भोक मोठे होत जाते आणि तो त्यातून आत शिरतो. आत त्याचे लग्न होते, मोठा हुद्दा मिळतो, खोटा आरोप येतो, हद्दपारी होते, पुन्हा मान मिळतो, मुले-नातवंडे होतात आणि शेवटी म्हातारपणी मरण येते. मरताच तो जागा होतो. चुलीवरचे धान्य अजून शिजलेले नसते. यावरून ‘पिवळ्या धान्याचे स्वप्न’ हा वाक्प्रचार चिनी भाषेत आजही वापरात आहे. डोक्याला लावायचे साधन, आत शिरण्याची वाट, बाहेर वेगळ्या गतीने चालणारा काळ : आभासी वास्तवाच्या कथेला लागणारे सारे सामान त्या खानावळीत होते.

पडद्यावर येताना मात्र मोठी अडचण उभी राहिली. चीनच्या चित्रपटविषयक नियमांत अंधश्रद्धेच्या प्रचाराला स्पष्ट मनाई आहे आणि मालिकांकडेही त्याच नजरेने पाहिले जाते. कालप्रवासाच्या मालिकांबद्दलही नियामकांनी 2011 मध्ये उघड नापसंती दाखवली होती. नव्या चीनच्या स्थापनेनंतर, म्हणजे 1949 नंतर, प्राण्यांनी मनुष्यरूप घ्यायला बंदी आहे, असे तिकडचे प्रेक्षक थट्टेने म्हणतात, ते यामुळेच. भुताशिवाय भुताची गोष्ट सांगायची तर दुसरी चौकट हवी. जानेवारी 2022 मध्ये टेन्सेंट या कंपनीच्या व्हिडिओ मंचावर आलेल्या ‘कायद्वान’ या 15 भागांच्या मालिकेने फुटणारी बस आणि पुन्हा पुन्हा सुरू होणारा तोच प्रवास घेतला. भूत नाही, पण सुटका होईपर्यंत परत परत मरणे आहे. तिचा नायक खेळ घडवणारा तंत्रज्ञ आहे.

‘झमिंग यौशी’ने हीच चौकट आणखी पुढे नेली. कादंबरीतली गूढ दारे इथे आभासी खेळाची दारे झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये, चिनी नववर्षाच्या तोंडावर, आयचीयी या मंचावर तिचे 78 छोटे भाग आले. हुआंग जुनज्ये याने लिंग जिऊशी हा खेळरचनाकार उभा केला आहे आणि श्या झिग्वांग याने त्याचा वाटाड्या रुआन लानझू. जिऊशीचे कान विलक्षण तीक्ष्ण आहेत आणि दाराआडच्या अंधारात ही देणगी अनेकदा डोळ्यांपेक्षा उपयोगी पडते. मूळ कादंबरी दोन पुरुषांच्या प्रेमाची आहे. मालिकेत ते प्रेम जिवाभावाच्या मैत्रीत बदलले आहे. सप्टेंबर 2021 मध्ये प्रसारण प्रशासनाने पुरुषांच्या ‘बायकी’ सादरीकरणाविरुद्ध कडक सूचना काढल्या आणि अशा कादंबऱ्यांवरच्या मालिकांची वाट जवळजवळ बंद झाली. त्या पार्श्वभूमीवर ही मालिका दिसली हेच पुष्कळ. दोघांच्या नजरेत जे उरले आहे ते संवादांतून काढून टाकता आलेले नाही, आणि अभिनयाचे श्रेय द्यायचे तर इथे द्यायला हवे.

या बदलाने कथेचे काय झाले? कादंबरीत दारांना कर्ता नाही. मरण येते तशी ती येतात, आणि त्यांच्याशी झगडणे म्हणजे आजाराशी झगडणे. खेळ म्हटला की तो कुणीतरी बांधलेला असतो. मग प्रत्येक बळीमागे एक रचनाकार उभा राहतो आणि ‘हे माझ्याच वाट्याला का?’ या प्रश्नाची जागा ‘हे कुणी केले?’ हा प्रश्न घेतो. मरणाची ती अटळ, कुणावर राग धरता न येणारी उदासी मालिकेत पातळ झाली, हे तिचे नुकसान आहे. पण नायक स्वतः खेळ घडवणारा असल्यामुळे त्याला एक वेगळे ओझे मिळाले. तो सापळ्याकडे कारागिराच्या नजरेने पाहतो आणि तो सापळा आपल्यासारख्याच कुणाच्या हातून घडला असणार हे त्याला कळते. बंदीमुळे आलेला बदल कथेच्या अंगी लागला, असे इथे म्हणता येते.

कोरियाच्या ‘स्क्विड गेम’शी तिची तुलना होते, पण ती वरवरची आहे. तिथे स्पर्धक एकमेकांचे वैरी आहेत आणि पैसा बक्षीस आहे. इथे मुख्य लढत नियमाशी आहे, आणि दार पार केलेली माणसे परत घरी येतात, जेवतात, झोपतात, पुढच्या दाराची वाट पाहतात. दोन दारांमधले हे घरगुती दिवसच मालिकेत सर्वांत हळवे आहेत.

मालिकेतल्या खेळाचे नाव ‘लिंगजिंग’ आहे आणि त्या शब्दाला स्वतःचा इतिहास आहे. आभासी वास्तवाला चिनी भाषेत रूढ शब्द आहे ‘श्वीनी श्येनशी’, सरळ शब्दशः भाषांतर. पण चीनच्या क्षेपणास्त्र आणि अवकाश कार्यक्रमाचे जनक मानले जाणारे शास्त्रज्ञ छ्येन श्वेसन यांनी नोव्हेंबर 1990 मध्ये एका सहकाऱ्याला पत्र लिहून त्यासाठी ‘लिंगजिंग’ हा शब्द सुचवला होता. त्याला अस्सल चिनी वास आहे म्हणून तो त्यांना विशेष आवडला होता. ‘जिंग’ म्हणजे प्रदेश. ‘लिंग’ म्हणजे आत्मा, चैतन्य, दैवी शक्ती. हे अक्षर जुन्या लिपीत पाहावे : वर पाऊस, त्याखाली ओळीने तीन तोंडे आणि सर्वांत खाली मांत्रिक. पावसासाठी देवाला साकडे घालणारा मांत्रिक, असा त्याचा अर्थ लावतात. आजच्या सोप्या केलेल्या अक्षरातून पाऊस, तोंडे आणि मांत्रिक तिघेही गेले आहेत. खाली फक्त अग्नीचे चिन्ह आहे.

पडद्याबाहेर या कथांचा सख्खा भाऊ म्हणजे ‘जूबनशा’. सहा-सात जण एका टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाला त्याच्या पात्राची पुस्तिका मिळते, आणि आपल्यातला खुनी कोण ते काही तास बोलून शोधतात. 2016 मध्ये मँगो टीव्हीवरच्या एका कार्यक्रमाने हा खेळ घराघरांत पोहोचवला आणि शहरोशहरी त्याची दुकाने निघाली. जून 2022 मध्ये पाच सरकारी विभागांनी मिळून या दुकानांसाठी नियम काढले : संहितांची नोंदणी करा, आगीपासून सुरक्षिततेची सोय ठेवा, आणि शनिवार-रविवार, सणाच्या व शाळेच्या सुट्ट्या सोडून अल्पवयीन मुलांना आत घेऊ नका.

याच सुमारास जालावर ‘ग्वीझ ग्वायथान’, म्हणजे नियमांच्या भयकथा, पसरल्या. त्यांत पात्रे नसतात, गोष्टही नसते. असते ती फक्त एखाद्या प्राणिसंग्रहालयाची किंवा वसतिगृहाची सूचनांची पाटी. पहिल्या पाच सूचना नेहमीच्या. सहावी पहिलीला छेद देते. मग कळते की पाटी लिहिणारे दोघे होते.