पार्श्वभूमी : कोल्हापुरातील ‘स्मॉल प्लेट्स’ रेस्तराँ आणि त्यांचे दर

जपानी, मेक्सिकन, लेबनीज किंवा स्पॅनिश धाटणीचे पदार्थ लहान प्लेटींतून मागवायचे आणि टेबलावरच्या सर्वांनी वाटून खायचे, ही पद्धत देखण्या सजावटीच्या नव्या रेस्तराँमधून कोल्हापुरातही रुळू लागली आहे. तिच्याविषयीची तक्रार बहुधा एकच असते : प्लेट लहान आणि दर मोठा. ज्या शहरात एका ताटाच्या दरात तांबडा-पांढरा रस्सा पुन्हा पुन्हा वाढला जातो, तिथे ही तक्रार स्वाभाविक आहे. मात्र तिचे खापर केवळ मालकाच्या हव्यासावर फोडणे अन्यायाचे होईल, कारण या दरांमागे गेल्या दशकातील काही सरकारी निर्णय आहेत आणि त्यांची चर्चा फारशी होत नाही.

लहान प्लेटींची मुळे बहुतेक देशांत पेयाशी जोडलेली आहेत. स्पेनमध्ये तापास वाइन किंवा शेरीबरोबर येतात, पूर्व भूमध्य प्रदेशात मेझे अराकबरोबर, जपानमधील इझाकाया या मद्यगृहांत तळलेले-भाजलेले पदार्थ साकेबरोबर. दक्षिण चीनमधील डिमसमची सोबत मात्र चहाची. पुढे अमेरिका आणि ब्रिटनमधील शहरांनी या पद्धती एकत्र करून त्यांचे पूर्ण जेवण बनवले, आणि तो प्रघात मुंबई, दिल्ली, बेंगळुरूमार्गे आपल्याकडे आला. परमिट रूममधील चखणाही याच कुळातला, पण त्याला जेवणाचा मान कधी मिळाला नाही.

बाहेर बसून खाणे ही कोल्हापुरात नेहमीच चवीपुरती बाब नव्हती. संस्थानकाळात एका दलित गृहस्थाने भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले, तेव्हा त्याच्याकडचा चहा कोणी घ्यायचा हा प्रश्न उभा राहिला आणि खुद्द छत्रपती शाहू महाराजांनी तिथे चहा घेऊन त्याचे उत्तर दिले. एकाच प्लेटमधून चारचौघांनी घास उचलण्याचा आजचा सहजपणा त्या इतिहासाच्या शेजारी ठेवून पाहावा असा आहे. त्यानंतरच्या काळात शहराच्या बाहेरच्या खाण्याला आकार दिला तो खानावळ, मिसळ आणि भेळ यांनी, आणि त्याविषयी वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

दरांच्या प्रश्नाचे मूळ 2017 मध्ये आहे. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हा वातानुकूलित किंवा मद्य देणाऱ्या रेस्तराँवर 18 टक्के आणि बिगर-वातानुकूलित रेस्तराँवर 12 टक्के कर होता. पण खरेदीवर भरलेला कर वजा करून घेण्याची, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिटची, सोय होती. रेस्तराँचालक या सवलतीचा लाभ ग्राहकांपर्यंत पोहोचवत नाहीत, अशा तक्रारी आल्या. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये गुवाहाटीतील बैठकीत जीएसटी परिषदेने सर्व स्वतंत्र, म्हणजे मोठ्या हॉटेलांत नसलेल्या, रेस्तराँसाठी 5 टक्के हा एकच दर ठरवला आणि क्रेडिट काढून घेतले. 15 नोव्हेंबरपासून हा बदल अमलात आला. बिलावरील कर उतरल्याने ग्राहक सुखावला, आणि वरवर पाहता त्यात कोणाचे नुकसान दिसत नव्हते.

ते नुकसान पडद्यामागच्या हिशेबात होते. खानावळीची मुख्य खरेदी म्हणजे ताजे मटण, भाजीपाला आणि कांदा-लसूण; यांवर जीएसटीच नाही, त्यामुळे क्रेडिट गेल्याने तिचे फारसे बिघडले नाही. स्मॉल प्लेट्सच्या रेस्तराँचा खर्च निराळ्या ठिकाणी होतो. जीएसटी-नोंदणीकृत मालकाच्या जागेचे भाडे महिन्याला 1 लाख रुपये असेल, तर त्यावरचे 18 हजार रुपये परत मिळत नाहीत. अंतर्गत सजावटीच्या सेवेवर 18 टक्के, त्या वेळी एसीवर 28 टक्के, चीजवर 12 टक्के. हा सगळा कर खर्चात मिसळतो आणि शेवटी प्लेटच्या दरात येतो. ज्याला परवडेल त्याने 18 टक्के कर घेऊन क्रेडिट वापरावे, असा पर्याय व्यावसायिकांनी वारंवार मागितला; स्वतंत्र रेस्तराँना तो मिळालेला नाही. करचुकवेगिरी आणि नफेखोरी रोखण्याचा हेतू योग्य होता, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की काहींच्या वर्तनाची शिक्षा सरसकट सर्वांना झाली आणि ग्राहकाला कर कमी दिसला तरी प्लेट महागच राहिली.

मद्य जीएसटीच्या बाहेर आहे आणि तिथला भारही वाढत गेला. महामार्गांपासून 500 मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई करणारा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2016 मधील निकाल 1 एप्रिल 2017 पासून लागू झाला. शहर हद्दीतील परवान्यांबाबतचा खुलासा त्याच वर्षी जुलैमध्ये झाला, तोवर व्यवसाय टांगणीला होता. नोव्हेंबर 2023 पासून राज्याने परमिट रूममधील मद्यावरील व्हॅट 5 वरून 10 टक्के केला. या रेस्तराँमध्ये पेयांवरील नफा स्वयंपाकघराचा तोटा भरून काढतो, त्यामुळे इथली प्रत्येक वाढ प्लेटच्या दरावर उतरते.

कोल्हापूरचा स्वतःचा एक धोका यात भर घालतो. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मधील महापुरांत शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि वाहतूक काही दिवस ठप्प झाली. गुऱ्हाळातला गूळ किंवा म्हशीचे दूध जिल्ह्यातच मिळते. पुण्या-मुंबईहून येणारे चीज, सॉस, ऑलिव्ह तेल यांना दुसरा जवळचा रस्ता नाही. या दोन पुरांच्या मधोमध महामारीतील टाळेबंदी आली, आणि ऑक्टोबर 2020 मध्ये 50 टक्के क्षमतेने दारे उघडली, तेव्हा एकाच प्लेटमधून वाटून खाण्याचीच लोकांना भीती वाटत होती.

22 सप्टेंबर 2025 पासून चीजवरील जीएसटी 5 टक्के आणि एसीवरील 18 टक्के झाला आहे. भाड्यावरचे 18 टक्के आणि क्रेडिटविना 5 टक्क्यांची रचना मात्र त्या बदलातही तशीच ठेवण्यात आली.