उत्तर माहीत नसलेला प्रश्न: कोचिंग आणि कार्यशाळांतील प्रश्नतंत्राची पार्श्वभूमी

कोचिंगच्या, म्हणजे संवादातून व्यक्तीला तिची उत्तरे शोधायला मदत करण्याच्या, जवळपास प्रत्येक प्रशिक्षणात सुरुवातीलाच सांगितले जाते की सल्ला देऊ नका, प्रश्न विचारा, आणि प्रश्नही ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून संपणारा नसावा, खुला असावा. हा उपदेश आता इतका अंगवळणी पडला आहे की तो आला कोठून, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. शाळेचा वर्ग, समुपदेशनाची खोली, कोळशाच्या खाणी आणि टेनिसचे मैदान अशा एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या ठिकाणी, प्रामुख्याने विसाव्या शतकात, या पद्धतीचे वेगवेगळे भाग घडले आणि नंतर एकत्र आले. हा प्रवास समजून घेताना प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट तपासावी, असे मला वाटते: प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत होते का?

बहुतेक जण या इतिहासाची सुरुवात सॉक्रेटिसपासून करतात. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस भूमिती न शिकलेल्या एका गुलाम मुलाला जवळ बोलावतो, दोन फूट बाजूचा चौरस काढून दाखवतो आणि विचारतो की याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा असेल तर बाजू किती घ्यावी लागेल. मुलगा बेधडक सांगतो की बाजूही दुप्पट घ्यावी. ‘चुकलास’ असे सॉक्रेटिस म्हणत नाही. तो चार फूट बाजूचा चौरस त्याच्याकडूनच मोजून घेतो, आणि क्षेत्रफळ ८ ऐवजी १६ भरते. मग मुलगा तीन फूट सुचवतो, तेव्हा ९ येतात. अखेर तो कबूल करतो की आपल्याला माहीत नाही. या क्षणी सॉक्रेटिस मुलाचा मालक मेनो याच्याकडे वळून म्हणतो की मुलगा आता आधीपेक्षा बऱ्या अवस्थेत आहे, कारण आपल्याला येते हा त्याचा भ्रम गेला आहे. त्यानंतर चौरसाच्या कर्णावरून उत्तर सापडते.

चूक दाखवून न देता ती ज्याची त्याला दिसेल अशी व्यवस्था करणे, ही सॉक्रेटिसची देणगी मोठी आहे आणि ती आजही कामी येते. परंतु हा प्रसंग बारकाईने वाचला तर मुलाला विचारलेले बरेचसे प्रश्न ‘हो’ म्हणून सुटण्यासारखे आहेत, आणि कर्णाची रेघ मुलगा शोधत नाही, ती सॉक्रेटिसच पुढे आणतो. उत्तर त्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. त्यामुळे आजच्या कोचिंगला सरसकट ‘सॉक्रेटिसची पद्धत’ म्हणणे मला पटत नाही. त्या दृष्टीने तैत्तिरीय उपनिषदातील भृगू आणि वरुण यांची कथा अधिक जवळची वाटते. ब्रह्म म्हणजे काय असे विचारणाऱ्या मुलाला वडील तप करून जाणून घ्यायला सांगतात; तो अन्न, प्राण, मन, विज्ञान अशी एकेक उत्तरे शोधून परत येतो आणि प्रत्येक वेळी पुन्हा तपाकडे पाठवला जातो, ते थेट आनंदापर्यंत पोहोचेतो. उत्तर वडिलांनाही माहीत असावे, पण ते मुलाला त्याच्या वेळेआधी मिळत नाही.

आधुनिक काळात प्रश्नांचा पहिला पद्धतशीर अभ्यास शाळांत झाला. अमेरिकेत रोमिएट स्टीव्हन्स यांनी १९१२ मध्ये वर्गातील प्रश्नोत्तरे टिपून प्रसिद्ध केली, तेव्हा दिसून आले की शिक्षक दिवसभरात शेकडो प्रश्न विचारतात आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश प्रश्न केवळ स्मरणाचे असतात. त्याच सुमारास तत्त्वज्ञ जॉन ड्यूई मांडत होते की खरा विचार अडचणीपासून, मनाला पडलेल्या कोड्यापासून सुरू होतो. म्हणजे विचाराला चालना देणारा प्रश्न कसा असतो हे तत्त्वतः कळले होते, पण वर्गात प्रश्नाचे काम परीक्षा घेणे एवढेच राहिले होते. १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी शैक्षणिक उद्दिष्टांची उतरंड प्रसिद्ध केल्यावर स्मरणापासून मूल्यमापनापर्यंतच्या पायऱ्यांनुसार प्रश्न रचण्याची शिस्त आली आणि ती प्रशिक्षणाच्या क्षेत्रातही पसरली.

या परंपरेतील सर्वांत मोलाचे काम, माझ्या मते, मेरी बड रो यांचे आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी विज्ञानाच्या वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे आढळले. तेवढ्यात उत्तर आले नाही तर ते प्रश्न पुन्हा विचारत, दुसऱ्या मुलाकडे वळत किंवा स्वतःच उत्तर देत. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून पुढे नेल्यावर मुलांची उत्तरे लांबली, त्यांत कारणे आणि पुरावे येऊ लागले, उत्तर न येण्याचे प्रमाण घटले आणि मुले आपणहून बोलू लागली. रो यांनी प्रश्नानंतरचा अवधी आणि उत्तरानंतरचा अवधी असे दोन भाग केले होते. यांतला दुसरा कार्यशाळांत अधिक दुर्लक्षित राहतो: सहभागीचे पहिले वाक्य संपताच सुलभक, म्हणजे कार्यशाळा चालवणारा, ‘छान’ म्हणून पुढे सरकतो, आणि त्या व्यक्तीच्या मनात जुळत असलेले दुसरे, बहुधा अधिक खरे वाक्य राहून जाते. शिक्षक ज्या मुलांना कमी हुशार समजत त्यांच्यासाठी ते आणखी कमी थांबत, हे रो यांचे निरीक्षण तर प्रत्येक सुलभकाने स्वतःला लावून पाहावे असे आहे.

दुसरा प्रवाह समुपदेशनाचा. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ मध्ये अनिर्देशात्मक, म्हणजे समोरच्याला दिशा न देणाऱ्या, समुपदेशनाची मांडणी केली आणि तिच्यासोबत एका व्यक्तीशी झालेल्या सर्व भेटींची ध्वनिमुद्रणावरून उतरवलेली संपूर्ण नोंदही छापली. त्या काळी हे अपूर्व होते, कारण समुपदेशक खोलीत नेमके काय बोलतो, हे तोवर त्याच्याच आठवणीवर विसंबून होते. रॉजर्स यांचा भर प्रश्नांवर नव्हता, हे येथे आवर्जून सांगायला हवे. समोरच्याचे म्हणणे आणि त्यामागची भावना आपल्या शब्दांत त्याच्यापुढे ठेवणे, हे त्यांचे मुख्य साधन होते. समुपदेशकाने प्रश्न विचारले की संवादाची दिशा त्याच्या हाती जाते, अशी त्यांची धारणा होती. कोचिंगने पुढे रॉजर्स यांच्याकडून ऐकण्याची वृत्ती घेतली आणि तिला प्रश्नांची जोड दिली.

गटाबरोबर काम करण्याची पद्धत मात्र सामाजिक मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्याकडे जाते. १९४६ च्या उन्हाळ्यात कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथे वांशिक आणि धार्मिक पूर्वग्रहांना तोंड देणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी त्यांच्या चमूने कार्यशाळा घेतली. दिवसभराच्या गटचर्चांची निरीक्षणे संशोधक संध्याकाळी आपापसांत मांडत असत. एके संध्याकाळी काही सहभागींनी त्या बैठकीत बसू देण्याची विनंती केली आणि लेविन यांनी होकार दिला. आपल्याविषयीचे निरीक्षण ऐकून एका सहभागी स्त्रीने ते खोडून काढले, आपल्या दृष्टीने काय घडले होते ते सांगितले, आणि संशोधकांच्या बैठकीचे रूप पालटले. जे काही घडले त्याचा अर्थ काय, हे निरीक्षक एकटे ठरवू शकत नाहीत, ज्यांच्याबाबतीत घडले त्यांनाही विचारावे लागते, हे त्या खोलीत सर्वांसमक्ष सिद्ध झाले. लेविन १९४७ च्या फेब्रुवारीत वारले. त्याच वर्षी मेन राज्यातील बेथेल येथे सुरू झालेल्या प्रशिक्षण प्रयोगशाळेतून ही पद्धत जगभर गेली. अनुभव घेतल्यावर ‘काय घडले, तेव्हा तुम्हाला काय वाटले’ असे गटाला विचारण्याची आजची रीत मुख्यतः तिथली आहे.

इंग्लंडमध्ये रेग रेव्हन्स वेगळ्या वाटेने तशाच निष्कर्षाला आले. मूळचे भौतिकशास्त्रज्ञ असलेल्या रेव्हन्स यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर कोळसा उद्योगात काम करताना खाणींच्या व्यवस्थापकांना लहान गटांत एकत्र बसवले आणि त्यांना एकमेकांच्या अडचणींविषयी प्रश्न विचारायला लावले. त्यांचे सूत्र प्रसिद्ध आहे: शिकणे म्हणजे आधीच मांडून ठेवलेले ज्ञान अधिक मर्मग्राही प्रश्न. परिस्थिती वेगाने बदलत असते तेव्हा तज्ज्ञाचे उत्तर जुने पडते, आणि नवा प्रश्न बहुधा त्या विषयात तज्ज्ञ नसलेल्या सहकाऱ्याकडून येतो, हा त्यांचा आग्रह होता. ब्राझीलमध्ये पावलो फ्रेअरे यांनी १९६० च्या दशकात प्रौढ साक्षरतेच्या वर्गांत चित्रे दाखवून शेतमजुरांना त्यांच्याच जगण्याविषयी बोलते केले. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्यातील सत्तेचे नाते त्यांनी जितक्या स्पष्टपणे मांडले, तितके या क्षेत्रात क्वचितच कोणी मांडले असेल.

आज ज्याला कोचिंग म्हणतात त्याचा थेट उगम मात्र टेनिसच्या मैदानावर आहे. टिमथी गॅल्वे यांनी १९७४ मध्ये टेनिसवरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले. सूचनांचा भडिमार केला की खेळाडूच्या मनात स्वतःला दटावणारा एक आवाज जागा होतो आणि शरीराला जे सहज येत असते तेही बिघडते, हे त्यांनी शिकवताना पाहिले होते. म्हणून ते खेळाडूला चेंडू टप्पा घेताच ‘टप्पा’ आणि रॅकेटला लागताच ‘फटका’ असे मोठ्याने म्हणायला लावत. मन त्या निरीक्षणात गुंतले की दटावणे आपोआप थांबे.

गॅल्वे यांचे काम ब्रिटनमध्ये नेणाऱ्यांत जॉन व्हिटमोर होते. हे पूर्वी मोटार शर्यतींत भाग घेत आणि १९६१ मध्ये ब्रिटिश सलून कार स्पर्धेचे विजेते होते. १९९२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी चेंडूचे उदाहरण घेऊन प्रश्नाची जी फोड केली, ती मला या विषयावरील सर्वांत नेमकी मांडणी वाटते. ‘चेंडूकडे बघ’ ही आज्ञा सर्वांना माहीत असते, तरी तिने कोणी अधिक नीट बघत नाही. ‘चेंडूकडे बघतोस का?’ या प्रश्नावर माणूस बचावात्मक होतो किंवा खोटे बोलतो. ‘का बघत नाहीस?’ विचारले तर तो आणखी आक्रसतो. पण ‘चेंडू येताना कोणत्या बाजूला फिरतो आहे?’ किंवा ‘या वेळी तो जाळीवरून किती उंचीने गेला?’ असे विचारले की उत्तर देण्यासाठी बघावेच लागते. शिवाय उत्तर बरोबर आहे की नाही हे कोचलाही तपासता येते, आणि खेळाडूवर कोणताही ठपका येत नाही. व्हिटमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात रूढ केलेली ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय आणि निर्धार ही चार टप्प्यांची चौकट पुढे व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात सर्वत्र पोहोचली. जाणीव आणि जबाबदारी जागी करणारे प्रश्न नसतील तर त्या चौकटीला फारसे मोल नाही, असे व्हिटमोर यांनी स्वतः बजावले होते, आणि ही ताकीद चौकटीइतकी पसरली नाही, याची खंत वाटते.

याच काळात कुटुंबोपचाराच्या क्षेत्रातून प्रश्नांचे काही नवे प्रकार आले. इटलीतील मिलान येथील चमूने १९८० मध्ये मांडलेल्या वर्तुळाकार प्रश्नांत दोन व्यक्तींमधील नात्याविषयी तिसऱ्या व्यक्तीला विचारले जाते. संघाच्या कार्यशाळेत ‘तुमच्या या निर्णयाकडे शेजारचा विभाग कसा बघत असेल?’ असे विचारले जाते ते याच वळणाचे. अमेरिकेतील मिलवॉकी येथे स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांनी समस्येच्या कारणांऐवजी उपायाच्या खुणा शोधणारे प्रश्न विकसित केले. ‘आज रात्री झोपेत चमत्कार होऊन अडचण सुटली, तर उद्या सकाळी तुम्हाला ते कशावरून कळेल?’ हा त्यांचा प्रश्न आणि ० ते १० या मापावर आपण कोठे आहोत हे विचारण्याची पद्धत, दोन्ही आज कोचिंगमध्ये रोजच्या वापरात आहेत.

कार्यशाळांसाठी प्रश्नांचा क्रम कसा लावावा, याचे उत्तर जोसेफ मॅथ्यूज आणि शिकागोतील त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून आले. एखाद्या कलाकृतीवर चर्चा करताना आधी काय दिसते, मग मनात काय उमटते, नंतर त्याचा अर्थ काय आणि शेवटी त्यातून काय ठरवायचे, हा तो क्रम होय. गट बहुतेक वेळा थेट अर्थावर किंवा निर्णयावर उडी घेतो आणि भांडणे तेथेच सुरू होतात, कारण प्रत्येकाने वेगळेच काही पाहिलेले असते.

प्रश्नाची शब्दरचना किती खोल परिणाम करते, याचा सज्जड पुरावा मात्र स्मृतीच्या संशोधनात आहे. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटार अपघाताची चित्रफीत दाखवली आणि एका गटाला गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता, तर दुसऱ्याला ‘जोरात आदळल्या’ तेव्हा किती होता, या धर्तीवर सौम्य-तीव्र क्रियापदे बदलून विचारले. आठवड्यानंतर फुटलेली काच पाहिली का असे विचारल्यावर तीव्र शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी होकार दिला, सौम्य शब्द ऐकलेल्यांपैकी ७ जणांनी. चित्रफितीत काच फुटलेली नव्हतीच. ‘गेल्या प्रकल्पात संवाद कमी पडला, असे तुम्हाला वाटत नाही का?’ असे कार्यशाळेत विचारणारा सुलभक गटाच्या आठवणीतच हात घालत असतो. ‘गेल्या प्रकल्पात एखादी माहिती तुमच्यापर्यंत उशिरा पोहोचली, असा प्रसंग आठवतो का, आणि तेव्हा काय झाले?’ हा प्रश्न रुक्ष वाटेल, पण त्यात गृहीतक बरेच कमी आहे.

शैक्षणिक संशोधक जे. टी. डिलन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तर असे दाखवले की चर्चेत शिक्षकाचे प्रश्न वाढले की विद्यार्थ्यांचे बोलणे आखडते, आणि प्रश्नाऐवजी एखादे विधान करणे किंवा नुसते गप्प राहणे अनेकदा अधिक फलदायी ठरते. कोचिंगचा व्यवसाय मात्र त्या वेळी उलट दिशेने चालला होता. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या व्यावसायिक संघटनेने कोचच्या ज्या ११ क्षमता ठरवल्या, त्यांत प्रभावी प्रश्न विचारणे ही एक स्वतंत्र क्षमता होती, आणि तिच्या आधाराने प्रश्नांच्या याद्या पाठ करून घेणारी प्रशिक्षणे फोफावली. २०१९ मध्ये ही यादी सुधारून ८ क्षमतांची करण्यात आली. तीत प्रश्नांचे वेगळे कलम उरले नाही. समोरच्या व्यक्तीची जाणीव जागी करणे या क्षमतेखाली प्रश्न, मौन आणि रूपक ही साधने एकाच ओळीत ठेवण्यात आली.